सामानापाशी राहणाऱ्यांचा वाटा

एका माणसाच्या श्रमाचे मोल दुसऱ्याच्या श्रमाच्या मानाने किती धरावे, हा प्रश्न मनुष्यसमाजाइतकाच जुना आहे, आणि तो नुसता हिशेबाचा प्रश्न नव्हे. खेड्यांतील वाचकांस तो नव्याने शिकविण्याचे कारण नाही. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' ह्या ग्रंथात बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा तीन ओळी वर्णिल्या आहेत. ह्यांसच कित्येक ठिकाणी कास म्हणत. ज्याची कास थोरली त्यास खळ्यावर धान्य अधिक. ज्याची धाकटी त्यास कमी. ह्या वाटणीवरून गावोगाव तंटे होत, आणि ते तंटे जितके धान्याचे असत तितकेच मानाचेही असत. पायलीभर जोंधळा कमी मिळाल्याचे दुःख मनुष्य एक वेळ विसरतो. परंतु आपल्यास खालच्या ओळीत उभे केले, हे दुःख तो मुलाबाळांस सांगून जातो.

त्या वाटणीत काही अर्थ नव्हता असे नाही. कुणब्यास सुताराची व लोहाराची गरज रोज पडे, इतर कित्येकांची सणावारी पडे. तेव्हा ज्याचे काम अधिक त्यास अधिक, हे म्हणणे समजण्यासारखे होते. दोष निराळ्या ठिकाणी होता. ज्याची कास एकदा ठरली त्याने कितीही उत्तम काम केले तरी ती बदलत नसे; कारण ती कामावरून नव्हे तर जन्मावरून ठरली होती. पुढे मुंबई राज्याने 1958 साली महारकीसारखी वतने कायद्याने नाहीशी केली. त्या कायद्याच्या नावातच ह्या वतनांस 'कनिष्ठ' असे विशेषण आहे. वतन गेले हे चांगलेच झाले. तथापि माणसास ओळीत उभे करण्याची खोड वतनाबरोबर गेली काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. कास गेली आणि कचेरीत 'वेतनश्रेणी' आली. श्रेणी जन्माने मिळत नाही, परीक्षेने व नेमणुकीने मिळते, हा मोठाच फरक होय. परंतु नेमणुकीच्या पहिल्या दिवशी लागलेली श्रेणी आयुष्यभर कपाळी राहू लागली, तर जुन्या ओळीत व नव्या श्रेणीत अंतर किती उरते?

हा प्रश्न एका विशिष्ट ठिकाणावरून पाहू. मुंबईच्या पूर्व अंगास, ठाण्याच्या खाडीलगत, ट्रॉम्बेची टेकडी आहे. तिच्या आश्रयास 4 ऑगस्ट 1956 रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. 20 जानेवारी 1957 रोजी पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांनी तेथील अणुशक्तीच्या संस्थेचे उद्घाटन केले. आणि संस्थापक डॉ. होमी भाभा ह्यांच्या निधनानंतर, 1967 साली, संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. ट्रॉम्बे म्हटले म्हणजे शास्त्रज्ञ डोळ्यांपुढे येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु अणुभट्टी केवळ शास्त्रज्ञांच्या बुद्धीवर चालत नाही. यंत्रे मागविण्याचा हुकूम कोणी तरी लिहावा लागतो, पगाराची बिले कोणी तरी करावी लागतात, बैठकीचा वृत्तांत कोणी तरी उतरून घ्यावा लागतो, आणि निवृत्त झालेल्या माणसाचे निवृत्तिवेतनाचे कागद कोणी तरी बिनचूक तयार करावे लागतात. हे करणाऱ्यांत लघुलेखक हा एक वर्ग आहे. अधिकारी बोलत असता त्याचे शब्द खुणांच्या लिपीत टिपून घ्यावे आणि मग ते स्वच्छ, निर्दोष लिहून काढावे, हे त्याचे मूळ काम. सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत ह्या कामासाठी 'ड' श्रेणीच्या उमेदवारास मिनिटास 80 शब्दांचा, तर 'क' श्रेणीच्या उमेदवारास 100 शब्दांचा वेग दाखवावा लागतो. हे कौशल्य काही महिन्यांत येत नाही. आणि आल्यावरही रोजच्या अभ्यासावाचून राहत नाही.

आता ह्या एकाच आवारात बढतीच्या दोन शिड्या आहेत. अणुऊर्जा खात्यात शास्त्रज्ञांसाठी गुणवत्ताबढतीची पद्धत आहे. वरची जागा रिकामी आहे की नाही हे न पाहता माणसाचे काम पाहावे, आणि तो योग्य ठरल्यास त्यास वर घ्यावे, हे तिचे तत्त्व. ह्यामागचा विचार उदार आहे: मनुष्याची विद्या वाढली म्हणजे त्याचे पदही त्याच्याबरोबर वाढावे, कोणी निवृत्त होईल किंवा मरेल ह्याची वाट पाहण्यात त्याची उमेद जाऊ नये. कचेरीतील माणसाची शिडी निराळी आहे. त्याने वरची जागा मोकळी होण्याची वाट पाहावी, हा सर्वसाधारण नियम. ही वाट फार लांबते असे दिसून आल्यावर सरकारने 1999 साली योजना काढली की, 12 व 24 वर्षांच्या सेवेनंतर, बढती न मिळालेल्या नोकरास वरची वेतनश्रेणी द्यावी. आणि 2008 पासून 10, 20 व 30 वर्षांनी अशी तीन वेळा ती सवलत मिळू लागली. ह्यामुळे अनेक घरांस आधार झाला, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. तथापि ही पायरी पैशाची आहे, पदाची नव्हे. मनुष्य त्याच खुर्चीवर, त्याच नावाने बसलेला राहतो.

लघुलेखकास शास्त्रज्ञाइतके वेतन द्यावे असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही, आणि लघुलेखकही तसे म्हणत नाहीत. त्यांचा खरा वाद दुसऱ्या लघुलेखकाशी तुलना करण्याचा आहे, आणि तो ट्रॉम्बेपुरता नसून दिल्लीबाहेरच्या बहुतेक सरकारी खात्यांत थोड्याफार फरकाने चालत आला आहे. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. कारण त्यातच नीतीचा प्रश्न दडलेला आहे.

केंद्र सरकारच्या नोकरांचे वेतन वेळोवेळी नेमलेले वेतन आयोग सुचवितात. चौथ्या आयोगानंतर 1 जानेवारी 1986 पासून जी वेतने लागू झाली, त्यांत दिल्लीच्या केंद्रीय सचिवालयातील 'क' श्रेणीचे लघुलेखक व तेथील सहायक 1400 ते 2600 रुपयांच्या श्रेणीत होते, आणि बाहेरच्या अनेक कचेऱ्यांतील त्यांचे समकक्षही त्याच श्रेणीत होते. पुढे 31 जुलै 1990 रोजी हुकूम निघाला की, सचिवालयातील ह्या दोन वर्गांस 1986 पासूनच 1640 ते 2900 ही श्रेणी द्यावी. बाहेरचे होते तेथेच राहिले. कालपर्यंत एका ओळीत बसलेल्या दोघांपैकी एकास महिना 240 रुपयांनी वर घेतले. दुसऱ्याने साहजिकच विचारले की, माझ्या कामात काय उणे झाले? ह्या एका प्रश्नावरून देशभर न्यायाधिकरणांपुढे अर्ज पडले.

ह्याच जातीचा एक दावा त्यापूर्वीच सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. सीमाशुल्क व केंद्रीय उत्पादनशुल्क खात्याच्या लघुलेखकांच्या महासंघाने म्हटले की, आमचे लघुलेखक खातेप्रमुखांकडे काम करतात. मंत्रालयातील सहसचिवांकडच्या लघुलेखकांचे काम ह्याहून निराळे नाही. मग वेतन निराळे का? 1988 साली न्यायालयाने तो दावा फेटाळला. कारण असे दिले की, काम दिसण्यात व परिमाणात सारखे असले तरी त्यातील जबाबदारी, विश्वासूपणा व गुप्तता ह्यांत फरक असू शकतो. आणि तो फरक प्रामाणिकपणे व काही समंजस आधारावर केलेला असेल तर न्यायालयाने त्यात हात घालू नये. ह्याच्या सहा वर्षे आधी, 1982 साली, दिल्ली पोलिसांतील एका मोटारचालकाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने समान कामास समान वेतन हे तत्त्व घटनेच्या समतेच्या हमीतून निघते असे मोठ्या धैर्याने सांगितले होते. दोन्ही निकाल एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे वरवर वाटते. परंतु ते तसे नाहीत. पहिल्याने तत्त्व सांगितले. दुसऱ्याने ते लावण्यापूर्वी काम खरोखर समान आहे काय हे पाहण्यास सांगितले.

त्यानंतर सहावा वेतन आयोग आला. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण हे मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले गृहस्थ. मार्च 2008 मध्ये दिलेल्या अहवालात आयोगाने सचिवालयातील व बाहेरच्या कचेऱ्यांतील अशा नोकरांत समता आणावी असे सुचविले. बाहेरच्या लघुलेखकांस वाटले, आता वाद मिटला. परंतु 16 नोव्हेंबर 2009 च्या हुकुमाने सचिवालयातील सहायकांस व स्वीय सहायकांस 4600 रुपयांचे श्रेणीवेतन मिळाले, आणि बाहेरचे अनेक समकक्ष 4200 रुपयांवर राहिले. सचिवालयवाल्यांचे म्हणणेही येथे सांगितले पाहिजे: वरची श्रेणी आपणांस 2006 सालीच मिळाली होती, ती आयोगाच्या निमित्ताने हिरावली जाऊ नये. अंतर 400 रुपयांचे होते. पण अंतराचे एक लक्षण असे की ते वाढत जाते. सातव्या आयोगानंतर ज्या पायऱ्या ठरल्या त्यांत 4200 च्या जागी आरंभीचे वेतन 35,400 रुपये, आणि 4600 च्या जागी 44,900 रुपये आहे. 31 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या क्षेत्रीय कार्यालयातील खासगी सचिवांच्या प्रकरणात पुन्हा सरकारच्या बाजूने निकाल दिला, आणि सचिवालयाशी तंतोतंत बरोबरी आयोगाच्या अहवालातून निघत नाही असे ठरविले.

कायद्याचे उत्तर असे आहे. परंतु जे कायद्याने करता येते ते सर्व नीतीनेही योग्य असते असे नाही. आणि न्यायालयाने स्वतः तसा दावा केलेला नाही. ते एवढेच म्हणते की, हा फरक करणाऱ्यांचा अधिकार आहे. त्या अधिकाराचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न तो वापरणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीपुढे उभाच राहतो.

तर मग वेतनातील कोणता फरक न्याय्य आणि कोणता अन्याय्य? आम्हांस अशी एक कसोटी सुचते: जो फरक कमी मिळणाऱ्याच्या तोंडावर, त्याच्या कामाच्या भाषेत समजावून सांगता येतो, तो न्याय्य असू शकतो; जो तसा सांगता येत नाही तो नाही. "तुझ्याकडे येणारे कागद कमी गुप्त आहेत, तुझ्या चुकीने होणारी हानी लहान आहे, तुला दिल्या जाणाऱ्या कामात स्वतःच्या विचाराने निर्णय करण्याचा प्रसंग क्वचित येतो" हे बोलणे कटू असेल, पण ते बोलणे आहे, त्याची शहानिशा होऊ शकते. ऐकणारा म्हणू शकतो की, चला, आमचे कागद पाहा. आणि ट्रॉम्बेसारख्या ठिकाणचा लघुलेखक तर गुप्ततेच्या मुद्द्यावर चार गोष्टी खचित बोलू शकेल. कारण ज्या आवारात तो काम करतो तेथे गुप्तता हा रोजच्या शिस्तीचा भाग आहे. परंतु "तू दिल्लीत नाहीस", किंवा "तुझा साहेब त्या साहेबाच्या पायरीचा नाही", हे उत्तर कामाचे नव्हे. साहेबाच्या खुर्चीच्या उंचीवरून त्याच्या लघुलेखकाची उंची मोजणे म्हणजे जुन्या कासेचीच रीत होय. फरक इतकाच की येथे बापाच्या जागी साहेब आला.

मुंबईत घडलेले एक प्रकरण ह्या कसोटीस फार उपयोगी आहे, यद्यपि ते सरकारी कचेरीचे नसून मॅकिनन मॅकेन्झी ह्या व्यापारी कंपनीचे आहे. त्या कंपनीत पुरुष लघुलेखक होते व स्त्री लघुलेखकही होत्या. स्त्रियांच्या पदाचे नाव निराळे ठेविले होते, त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे विश्वासाचे काम करीत, आणि त्यांस वेतन कमी होते. समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला. 1977 साली नोकरीवरून दूर झालेल्या एका लघुलेखिकेने त्याच्या आधारे फरकाच्या 7,196 रुपये 67 पैशांसाठी अर्ज केला. कंपनीने म्हटले की पद निराळे आहे. कामगार संघटनेशी झालेल्या करारानेच वेतन ठरले आहे. आणि समान वेतन देण्याची आपली ऐपत नाही. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने ही तिन्ही उत्तरे नाकारली. पदाला नाव काहीही द्या, काम तेच किंवा त्यासारखे असेल तर वेतन तेच. करार असला तरी कायद्यापुढे तो टिकत नाही. आणि मालकाच्या ऐपतीवर हा न्याय अवलंबून नाही. वाचकांनी लक्षात घ्यावे की, ज्या 'विश्वासाच्या कामा'मुळे 1988 च्या दाव्यात वेतन अधिक असणे योग्य ठरले, तेच विश्वासाचे काम मुंबईच्या ह्या स्त्रिया करीत असता त्यांस वेतन कमी होते! ह्यावरून दिसते की, माणसे पुष्कळदा वेतन आधी ठरवितात आणि कारण मागून शोधतात.

ह्या विषयास लागू पडणारी एक जुनी कथा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. दाविदाचे सिकलाग नगर लुटारूंनी जाळले, तेव्हा तो सहाशे माणसे घेऊन त्यांच्या पाठीस लागला. बसोर ओढ्याशी येईपर्यंत दोनशे इतके थकले की त्यांस पलीकडे जाववेना. ते सामानापाशी राहिले. चारशे पुढे गेले, लढले, आणि सर्व काही परत मिळवून आले. तेव्हा लढून आलेल्यांतील काहींनी म्हटले की, मागे राहिलेल्यांस लुटीतील काही देऊ नये. दाविदाने ते मानले नाही. लढावयास गेलेला व सामान राखणारा ह्या दोघांस सारखा वाटा, असा त्याने निवाडा केला. आणि पुढे तो इस्राएलात नियमच होऊन बसला. हा निवाडा नुसत्या दयेचा नाही. आपले सामान कोणी तरी राखीत आहे हा भरवसा नसता तर ते चारशे मोकळ्या हातांनी पुढे जाते काय? पुढच्याचे शौर्य मागच्याच्या राखणीवर उभे असते. ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेसही हे लागू आहे, तालुक्याच्या कचेरीस लागू आहे, दवाखान्यास व शाळेसही लागू आहे. ह्यावरून सर्वांस एकच रक्कम द्यावी असे आम्ही म्हणत नाही. वेतन म्हणजे लूट नव्हे, आणि विद्येस, धोक्यास व जबाबदारीस अधिक मोल असावे हे योग्यच. परंतु शास्त्रज्ञाच्या बाबतीत जे तत्त्व मान्य केले, की माणसाच्या कामाकडे पाहून त्यास वर घ्यावे, ते तत्त्व सामानापाशी बसणाऱ्याच्या बाबतीत अगदीच का विसरावे? समान रक्कम नको. समान माप तरी असावे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, ही सगळी तुलना म्हणजे मत्सर नव्हे काय? ज्यास दोन वेळचे अन्न मिळते त्याने शेजाऱ्याच्या ताटाकडे का पाहावे? आणि हा आक्षेपक कदाचित द्राक्षमळ्याच्या दाखल्याची आठवण देईल. त्या दाखल्यात दिवसभर राबलेल्यांस ठरल्याप्रमाणे मजुरी मिळाली, आणि तासभर काम केलेल्यांसही तितकीच मिळाली. तेव्हा पहिल्यांनी कुरकुर केली, व धन्याने त्यांस गप्प केले. परंतु हा दाखला वाद मिटविण्यासाठी वापरणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्या. पहिली ही की, धनी स्वतःच्या पदरचे देत होता. सरकारी कचेरीचा अधिकारी स्वतःच्या पदरचे देत नाही. तो सर्वांच्या करातून आलेले वाटून देतो, आणि विश्वस्ताने आपल्या मर्जीस औदार्य म्हणू नये. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. कुरकुर करणाऱ्यांची तक्रार काय होती? आपणांस कमी मिळाले ही नव्हे. दुसऱ्यांस आपल्याइतके मिळाले ही! मत्सराची खरी खूण हीच होय. मला माझ्या कामाचे योग्य मोल मिळावे, हे मागणे मत्सर नव्हे. माझ्या खालच्यास माझ्याइतके मिळू नये, हे मागणे मात्र मत्सर होय. मग ते कितीही सुंदर इंग्रजीत लिहिलेल्या निवेदनात असो.

आणि आता आम्ही ज्या गोष्टीसाठी हे सर्व लिहिले तिजकडे येतो. ही कसोटी वर जशी लागते तशी खालीही लागते. सचिवालयाकडे बोट दाखवून समतेची मागणी करणाऱ्या लघुलेखकाने एकदा आपल्या डाव्या हातास असलेल्या मेजाकडे पाहावे. आज अनेक सरकारी कचेऱ्यांत तेथे ठेकेदारामार्फत आलेला संगणकचालक बसलेला असतो. तीच पत्रे, तीच टिपणे, तोच साहेब. वेतन मात्र कित्येक पटींनी कमी, रजा मोजकी, आणि पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही हे अनिश्चित. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्यातील तात्पुरत्या नोकरांच्या प्रकरणात सांगितले की, कायम नोकराचेच काम करणाऱ्या तात्पुरत्या नोकरास निदान त्या श्रेणीचे किमान वेतन दिले पाहिजे. एकच काम करवून कमी देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेस बाधक आहे. किती संघटनांनी आपल्या श्रेणीच्या मागणीबरोबर ह्या शेजाऱ्याची मागणीही त्याच कागदावर लिहिली? ज्यांनी लिहिली त्यांचे अभिनंदन असो. ज्यांनी लिहिली नाही त्यांची मागणी खोटी ठरते असे नाही. परंतु ती समतेची मागणी नसून बढतीची मागणी आहे, हे त्यांनी मनाशी कबूल करावे. बढती मागणे हे पाप नाही. मात्र तिला समतेचे नाव देऊ नये.

ही गोष्ट दिल्ली-मुंबईपुरती आहे असे समजून खेड्यातील वाचकाने हा अंक बाजूस ठेवू नये. आपल्या गावची अंगणवाडी सेविका काय करते ते पाहा. ती लहान मुलांस शिकविते, त्यांचे वजन घेते, आहार वाटते, नोंदी ठेविते, आणि वरून येईल ती माहिती भरून देते. तिला जे मिळते त्यास वेतन म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. ह्या शब्दात मान आहे व धनही आहे. तिच्या हाती मात्र दोन्ही थोडेच पडते. नाव बदलले म्हणजे मोल उतरविता येते, ही युक्ती मुंबईच्या कंपनीचीच नव्हती. 2022 च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मानधन म्हटले तरी ते कायद्याच्या दृष्टीने वेतनच होय, आणि अंगणवाडी सेविकांस व मदतनिसांस उपदान मिळाले पाहिजे. जे न्यायालयास दिसले ते गावास आधी दिसावयास हवे होते. तसेच आपल्या शाळेतील शिपाई, दवाखान्यातील आया, ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा, आणि देवळाची किंवा उपासनामंदिराची झाडलोट करणारी बाई. ह्या सर्वांचे मोल आपण ठरवितो. सरकार ठरवीत नाही, आपण ठरवितो. आणि पुष्कळदा कसे? मागच्या वेळी जे दिले होते त्यावरून, ती किती गरजू आहे व म्हणून किती कमीत कबूल होईल त्यावरून, आणि क्वचित, अगदी लाजिरवाणी गोष्ट पण खरी, ती कोणाची कोण त्यावरून.

म्हणून आमची विनंती दोन प्रकारच्या माणसांस आहे. ज्यांच्या हाती श्रेणी ठरविण्याचे काम आहे, मग तो मोठा अधिकारी असो की पाच माणसांची लहानशी समिती असो, त्यांनी ज्यास कमी देतात त्यास कारण सांगण्याची सवय ठेवावी. कारण सांगावयाचे आहे एवढ्या जाणिवेनेच पुष्कळ अन्याय आरंभीच थांबतात. कारण जे तोंडाने सांगवत नाही ते हातून लिहिताना मनुष्य अडखळतो. आणि ज्यांस आपणांस कमी मिळते असे वाटते, त्यांनी जरूर मागावे. सनदशीर मार्गाने, धीराने व कागदपत्रांसह मागावे. गप्प बसणे हा सद्गुण नेहमीच असतो असे नाही. परंतु मागणीचा अर्ज लिहून झाल्यावर सही करण्यापूर्वी त्यांनी तो पुन्हा वाचावा. आणि जेथे जेथे आपले नाव आहे तेथे तेथे आपल्याखालच्या माणसाचे नाव घालून पाहावे. तरीही अर्ज खरा वाटला तर त्यांनी निःशंक सही करावी, आणि ह्या दुसऱ्या अर्जावरही करावी.